रिप्रो पार्ट बसत नाही म्हणजे नेमकं काय होतं आणि तो कसा बसवायचा

क्लासिक गाडी रिस्टोर करायला घेतली की सुरुवातीची सगळी मजा रिप्रो, म्हणजे मूळ पार्टसारखे नव्याने बनवलेले रिप्रॉडक्शन पार्ट, खरेदी करण्याची असते, नवे मडगार्ड, नवी रबरं, चकचकीत बंपर, रोज एखादं खोकं उघडायचं. खरी गंमत कळते ते मडगार्ड बॉडीला लावायला गेल्यावर. वरचे दोन बोल्ट झटक्यात लागतात, खालचं भोक बोटभर बाजूला निघतं, बोनेटकडची कड वर आलेली असते आणि दरवाज्याकडची गॅप वर तीन एमएम तर खाली नऊ. मग मालक विक्रेत्याला शिव्या घालतो, डेंटर गाडीला घालतो, आणि काम तिथेच लटकतं. दोघंही थोडे थोडे बरोबर असतात. ही भानगड क्रमाने कशी सोडवायची ते खाली लिहितोय. जास्त भर पत्र्यावर आहे कारण वेळ तिथेच जातो, पण रबर, ब्रेक, इग्निशनबद्दलही बोलू.

सगळ्यात आधी एक सांगतो, आणि हे वाचून बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल: जुना पार्ट भंगारात देऊ नका. गंजून चाळण झाली असली तरी नाही. नवा पार्ट बसून, रंग होऊन गाडी रस्त्यावर येईपर्यंत तो जुना पार्ट हेच तुमचं एकमेव ड्रॉइंग आहे. कुठलं भोक कुठे होतं, कड किती वळली होती, कुठे वॉशर घातले होते, हे सगळं त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

मुळात बसत का नाही

रिप्रो पार्ट सगळे एका जातीचे नसतात. काही मूळ डायवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या कंपनीच्या साच्यावर, छापलेले असतात. उदाहरणार्थ ब्रिटिश मोटर हेरिटेजने 1988 पासून एमजीबी या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या अख्ख्या बॉडीशेल मूळ टूलिंग वापरून परत बनवायला घेतल्या. असे पार्ट बसायला सगळ्यात बरे, पण डाय जुनी झाली की तिचेही कोपरे झिजतात आणि पत्र्यावरच्या रेषा बोथट येतात. दुसरी जात म्हणजे कोणाकडचा तरी एक जुना पार्ट घेऊन त्यावरून काढलेली कॉपी. इथेच खरी मेख आहे. एक तर तो नमुना स्वतःच कधीतरी ठोकून सरळ केलेला असू शकतो. दुसरं म्हणजे पत्रा डायमध्ये दाबून सोडला की थोडा मागे फिरतो, स्प्रिंगबॅक म्हणतात त्याला. मूळ कंपनीने हे धरून डाय जरा जास्त वळवलेली असायची. कॉपी करणारा तयार पार्ट मोजतो, तेवढ्याच मापाची डाय करतो आणि त्यातून निघालेला पार्ट कमी वळलेला येतो. म्हणून रिप्रो मडगार्ड बरेचदा किंचित उघडलेला, सपाट वाटतो.

जाडीचाही फरक असतो. जुन्या गाड्यांचा बाहेरचा पत्रा साधारण 0.9 ते 1 एमएमचा, आणि स्वस्तातला रिप्रो 0.7 च्या आसपास निघतो. पातळ पत्रा वाकवायला सोपा वाटतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेने लगेच लाटा मारतो. छोट्या सुट्या पार्टांचं मात्र आता बरं चाललंय, 2018 मध्ये पोर्शेने 959 चा क्लच रिलीज लिव्हर थ्रीडी प्रिंट करून द्यायला सुरुवात केली, अशा पार्टात मापाची तक्रार फारशी राहत नाही. पण मडगार्ड काय प्रिंटरमधून येत नाही.

आणि आता गाडीची बाजू. कारखान्यात या गाड्या जुळवताना लाइनवरची माणसं शिम (मध्ये सरकवायच्या पातळ पट्ट्या) घालून, लिव्हरने वाकवून, लाकडी हातोडीने ठोकून, वर शिसं भरून गॅप काढायची. म्हणजे एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांचे ओरिजिनल दरवाजेसुद्धा अदलाबदल केले तर सरळ बसतीलच असं नाही. त्यावर पन्नास वर्षांचा गंज, एखादा जुना अपघात, खचलेल्या बिजागऱ्या. त्यामुळे "नवा पार्ट थेट बोल्टने बसेल" ही अपेक्षाच काढून टाका, डोक्याला त्रास कमी होतो.

खोकं उघडलं त्याच दिवशी

पार्ट आला की कोपऱ्यात ठेवून वर्षभराने उघडायचा नाही. परत द्यायची मुदत संपते, आणि रंग लावलेला किंवा भोक पाडलेला पार्ट सहसा कोणी परत घेत नाही. उघडताना फोटो काढा, मग आधी बघा की तो तुमच्याच गाडीचा आहे का. हे ऐकायला वेडेपणाचं वाटतं, पण एकाच नावाच्या गाडीत वर्षावर्षाला बदल झालेले असतात. फोक्सवॅगन बीटलचे पुढचे मडगार्ड 1968 मॉडेलपासून बदलले, हेडलाइट तिरके होते ते उभे झाले. एमजीबी 1962 ते 1980 बनली, पण 1974 च्या शेवटी रबर बंपर आले आणि पुढचं-मागचं बरंच काही फिरलं. तेव्हा "सगळ्या वर्षांना चालेल" असं लिहिलेल्या पार्टवर जरा संशयच घ्या, चॅसिस नंबर सांगून विचारा.

मग जुना आणि नवा पार्ट जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा, खाली जुनी चादर टाकून. भोकाच्या मध्यापासून भोकाच्या मध्यापर्यंतची मापं घ्या, आतल्या फ्लँजची (बोल्ट लावायच्या दुमडलेल्या कडेची) रुंदी बघा, बॉडी लाइन कडेपासून किती अंतरावर आहे ते मोजा. गोलाईसाठी जाड पुठ्ठा जुन्या पार्टच्या वळणाप्रमाणे कापा आणि तोच नव्यावर ठेवा, मध्ये उजेड दिसला तर तिथे फरक आहे, मार्करने खूण करून ठेवा. जुना पार्ट खालून खाऊन गेला असेल तर दुसऱ्या बाजूच्या पार्टवरून आरशातलं माप मिळतं.

वाहतुकीत दबलेल्या कडा वेगळ्या ओळखा, तो बनावटीचा दोष नाही, डॉली-हातोडीने निघतो. आणि तो काळा कोट, त्याला सगळे ई-कोट (विजेने चढवलेला पक्का प्रायमर) म्हणतात पण प्रत्येक वेळी असतोच असं नाही. कापडाला थिनर लावून घासून बघा, काळं कापडावर उतरलं तर तो फक्त प्रवासापुरता रंग आहे, तो पूर्ण काढूनच प्रायमर मारायचा.

गाडी सरळ आहे का ते आधी

पार्ट वाकडा म्हणायच्या आधी गाडी तपासा. गाडी सपाट जागेवर, शक्यतो स्वतःच्या चाकांवर उभी हवी. जॅक चुकीच्या जागी लावलेली मोनोकॉक बॉडी (वेगळी चॅसिस नसलेली) वाकते, उघड्या गाडीत तर हे डोळ्यांना दिसतं, दरवाज्याची गॅप वर मिटते किंवा उघडते. इंजिन-गिअरबॉक्स काढलेला असेल तर वजन नाही हेही लक्षात ठेवा, नंतर इंजिन बसवल्यावर पुढचं थोडं खाली येणार.

कर्णमापं घ्या: दरवाज्याच्या चौकटीत एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, इंजिन बेमध्ये तसंच, विंडशिल्डच्या चौकटीतही. डावीकडचं उजवीकडे जुळलं पाहिजे. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये बॉडीची मापं दिलेली असतील तर उत्तमच.

खालचे सिल, म्हणजे दरवाज्याखालच्या लांब पत्र्याच्या पेट्या, बदलायचे असतील तर कापायच्या आधी दरवाज्याच्या चौकटीत आडवे-तिरके पाइप वेल्ड करून ब्रेसिंग करा, एका वेळी एकच बाजू कापा आणि सिल पक्का करायच्या आधी दरवाजा लावून गॅप बघा. याच्यात शॉर्टकट नाहीये. सिल वाकडा वेल्ड झाला की वरचा कुठलाच पार्ट परत बसत नाही, आणि दोष मात्र बिचाऱ्या नव्या मडगार्डवर येतो.

बिजागऱ्या आताच बघून घ्या. दरवाजा अर्धा उघडून मागच्या टोकाला धरून वर उचला, खटखट हलला तर पिन आणि बुश झिजलेत. ते बदलल्याशिवाय गॅप काढणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं आहे. वेगळी चॅसिस असलेल्या गाडीत बॉडी माउंटची रबरं आणि त्याखालचे शिमसुद्धा तपासा, एका कोपऱ्याचं रबर दबलं की अख्खी बॉडी तिरकी बसते.

सगळं एकदम, कोरडं बसवा

कोरडं म्हणजे रंग नाही, सीलर नाही, वेल्ड नाही. आणि सगळं म्हणजे खरंच सगळं: दरवाजे, मडगार्ड, बोनेट, पुढचा व्हॅलन्स (बंपरखालचा पत्रा), ग्रिल, हेडलाइटच्या रिंगा, बंपर. एकेक पार्ट बसवून, पक्का करून पुढे जायचं ही पद्धत कंपनीच्या ओरिजिनल पार्टांना चालते, रिप्रोला नाही, कारण प्रत्येक पार्टमधली दोन-दोन एमएमची चूक शेवटी ग्रिलपाशी येऊन जमा होते.

क्रम मागून पुढे. मागचा क्वार्टर पॅनल (दरवाज्यामागचा बाजूचा पत्रा) बॉडीला वेल्ड असतो, तो हलत नाही, म्हणून दरवाजा त्याच्याशी जुळवायचा. दरवाज्याचं रबर अजून लावायचं नाही आणि लॉकचा स्ट्रायकरही (चौकटीवरचा, लॉक ज्यात अडकतं तो तुकडा) काढून ठेवायचा, नाहीतर तो दरवाज्याला ओढून भलत्याच जागी नेतो आणि तुम्हाला वाटतं बिजागरी चुकली. दरवाजा बसला की मडगार्ड दरवाज्याशी जुळवा, मग बोनेट दोन्ही मडगार्डशी, मग पुढचं तोंड. सगळे बोल्ट हाताने लावलेले, पाना नंतर. वेल्ड होणारे पॅनल क्लॅम्प, सेल्फ टॅपिंग स्क्रू किंवा क्लेकोवर (भोकातून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना) धरून ठेवायचे, स्क्रूची भोकं नंतर भरता येतात.

मडगार्ड आणि बॉडीमध्ये बीडिंग (सांध्यात दाबलेली पट्टी) असेल, बीटलसारखं, तर ते कोरड्या फिटिंगमध्येही घालायचं, त्याच्या जाडीने बोल्टची रेघ बदलते.

गॅप किती? बहुतेक जुन्या गाड्यांना 4 ते 5 एमएम छान दिसतो. आकड्यापेक्षा ती गॅप वरून खालपर्यंत सारखी असणं महत्त्वाचं, डोळा सहा एमएमची सरळ गॅप सहन करतो पण चारची सहा झालेली लगेच पकडतो. मोजायला 4 आणि 5 एमएमच्या ड्रिल बिटची दांडी वापरा, फिरवत फिरवत खालपर्यंत न्या. प्रायमर आणि रंग दोन्ही कडांवर चढतात, म्हणून पत्र्यावर अर्धा एमएम जास्तच सोडा.

जॅग्वार ई-टाइपसारख्या गाडीत हे प्रकरण अजून लांबतं, त्याचं बोनेट म्हणजे एक पत्रा नाही, फ्लँजला बोल्ट लावून जोडलेले बरेच तुकडे आहेत, ते आधी आपापसात आणि मग बॉडीशी जुळवायचे. घाई असलेल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

खालचं भोक का चुकतं

आता सुरुवातीचा मडगार्ड घेऊ, वरचे बोल्ट लागतात, खालचं भोक बाजूला. पहिला हात भोक मोठं करायला जातो. थांबा. वरचे बोल्ट सैल करा आणि मडगार्ड खालून हाताने जागेवर ढकला. खालचं भोक आपोआप समोर आलं आणि वरची फ्लँज बॉडीपासून उचलली गेली, तर भोक बरोबर आहे, फ्लँजचा कोन चुकलाय. वर एक-दोन अंशांचा फरक मडगार्डच्या लांबीवर खाली बोटभर होतो, इतकं साधं गणित आहे ते. मग कानस आणि ड्रिल बाजूला ठेवायचं, फ्लँज दोन जाड पट्ट्यांत क्लॅम्प करून हळूहळू वळवायची, दर वेळी परत लावून बघायची. वळण गोल असेल आणि फ्लँज वळत नसेल तर तिच्यावर त्रिकोणी काप घेऊन, वळवून, कापाच्या कडा परत वेल्ड करायच्या.

ढकलूनही भोक येत नसेल तर मग खरंच माप चुकलंय. जुन्या पार्टवर भोकाची जागा बघा. भोक जुन्यावर जिथे होतं तिथेच नव्यावरही असेल तर गाडीवरचा ब्रॅकेट कोणीतरी हलवलाय, ब्रॅकेट दुरुस्त करा. नसेल तर नव्या पार्टचं भोक लांबट करा, आणि मागे जाड वॉशर द्या म्हणजे तो सरकणार नाही. गाडीला हात शेवटी लावायचा. गाडी कापून पार्टच्या मापाची केली की उद्या तोच मडगार्ड परत घ्यावा लागला तर दुसऱ्या कंपनीचा बसणार नाही.

कडांचं काम

गॅप जास्त असेल तर कडेवर पातळ तार किंवा मिग वेल्डिंगचा मणी ठिपक्या-ठिपक्याने चढवा, एका जागी एक ठिपका, मग दूर दुसरा, थंड होऊ द्या, आणि नंतर घासून ड्रिलच्या दांडीला जुळवा. पुट्टीने कड वाढवू नका, पहिल्या जोरात लागलेल्या दरवाज्याला ती कड उडते. पुट्टी सपाट भागावर, तीच तीन एमएमच्या आत.

गॅप कमी असेल तर दरवाज्याची कड सरळ ग्राइंडरने घासायचा मोह आवरा. दरवाज्याची बाहेरची स्किन आतल्या फ्रेमवर दुमडलेली असते, घासलं की दुमड कापली जाते आणि दोन पत्रे सुटे होतात. थोडं घासायचंच झालं तर घासलेल्या जागी दोन्ही पत्रे वेल्डने परत शिवून घ्या. त्याआधी बघा की स्किन दुमडताना फ्रेमवर एका बाजूला सरकली तर नाही ना, रिप्रो स्किनमध्ये हे हमखास होतं, आणि दुमड पक्की करायच्या आधी दरवाजा गाडीला लावून बघितला असता तर फुकटात निघालं असतं.

वेल्डिंगला प्लगची भोकं (वरच्या पत्र्यात पाडून वेल्डने भरायची) 6 ते 8 एमएम, आतल्या बाजूला वेल्ड-थ्रू प्रायमर, आणि ओळीने एकामागे एक नाही तर उड्या मारत. पातळ पत्र्यावर हे पाळलं नाही तर फिटिंग जमूनही मधला भाग टिनच्या डब्यासारखा फटफट करतो.

क्रोम, लाइट, बॅज

बंपर ताणून बसवू नका. ताणलेला बंपर क्रोमला तडे देतो आणि मडगार्डचा कोपरा दाबतो. भोकं जुळवायची तर ब्रॅकेटची लांबट करा, क्रोमला ड्रिल लावलं की तिथूनच गंज सुरू. माझं वैयक्तिक मत, ओरिजिनल बंपर वाकलेला असला तरी सरळ होण्यासारखा असेल तर तोच परत क्रोम करून घ्या, जाड असतो आणि बसतो. बॅजच्या मागच्या खुंट्या मोजून कागदावर ठसा घ्या आणि मगच पत्र्याला भोक पाडा, खुंटी मऊ ओतीव धातूची असते, जोर दिला की तुटते. लाइट पेटत नसेल तर बल्ब बदलत बसण्याआधी अर्थिंग (बॉडीशी जोडलेली विजेची परतीची वाट) बघा, नव्या रंगावर बसलेल्या लाइटला अर्थिंगच मिळत नाही.

रबरं

दरवाजा रबराशिवाय फुलासारखा बंद होतो आणि रबर लावलं की आपटावा लागतो, ही तक्रार जवळपास प्रत्येकाची असते. कारण बहुतेक वेळा रबराचा कडकपणा. मूळ रबर स्पंजसारखं मऊ असायचं, रिप्रो बरेचदा घट्ट किंवा प्रोफाइल एक-दोन एमएम जाड. जुन्या रबराचा न दबलेला एखादा तुकडा, बहुधा वरच्या कोपऱ्यात सापडतो, तो कापून नव्याच्या तोंडाशी धरा म्हणजे लगेच कळतं. चिकटवायच्या आधी दरवाजा बंद करून चौकटीत जागोजागी कागदाची पट्टी धरा आणि ओढा. एका जागी सहज निघते आणि दुसऱ्या जागी फाटते असं असेल तर दरवाजा अजून आत-बाहेर करायचाय. सगळीकडेच फाटत असेल तर रबर चुकीचं आहे, आणि ते परत करा, स्ट्रायकर बाहेर ओढून भागवू नका, नाहीतर दरवाज्याची मागची कड कायम क्वार्टरच्या बाहेर राहील.

रबर ताणून लावायचं नाही. उलट किंचित दाबत लावा आणि टोकाला सेंटिमीटरभर जास्त ठेवा, काही दिवस दरवाजा बंद ठेवून बसू द्या, मग कापा. ताणलेलं रबर आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते, पाणी तिथूनच येतं. विंडशिल्डच्या रबरात क्रोमची पट्टी असेल तर काही गाड्यांत ती काच गाडीला बसवण्याआधीच घालायची असते, मॅन्युअल बघा. आणि नव्या काचेची जाडी व्हर्नियरने मोजून रबराच्या खाचेशी ताडून घ्या.

जिथे बसतं पण चालत नाही

पत्र्याची चूक दिसते तरी. ब्रेकची दिसत नाही. 3/8 यूएनएफचा (इंची बारीक आट्यांचा) पाइप नट 10 एमएम बाय 1 च्या मेट्रिक भोकात सैलसर आत जातो आणि घट्टही झाल्यासारखा वाटतो, पण आटे पूर्ण धरत नाहीत. पहिले काही आटे हाताने गुळगुळीत गेले पाहिजेत आणि डुगडुग नको, थ्रेड गेज वापरा. पाइपच्या तोंडाचा फ्लेअरही (पसरवलेली कड) तपासा, 45 अंशांचा डबल फ्लेअर आणि बबल फ्लेअर एकमेकांच्या जागी बसत नाहीत. जुन्या इंग्लिश गाड्यांत व्हिटवर्थचे (जुनं इंग्लिश माप) आटे 55 अंशांचे असतात आणि यूएनसीचे (नंतरचं इंची माप) 60 चे, पाव इंचाला दोन्हीत इंचाला 20 आटे, त्यामुळे नट चढतो, पण धरतो कमी. सीलच्या रबराला कुठलं फ्लुइड चालतं तेही विचारून घ्या, सिट्रोएन डीएसमध्ये सुरुवातीच्या लाल आणि नंतरच्या हिरव्या फ्लुइडची सीलं वेगळी, अदलाबदल केली की सील फुगून वाट लागते.

सस्पेन्शनचे रबर बुश बोल्टने शेवटचे घट्ट करताना गाडी चाकांवर उभी हवी. हवेत लटकलेली असताना घट्ट केलं तर बुश कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि गाडीची उंचीही चुकते, मग लोक स्प्रिंगला दोष देतात. बॉल जॉइंटचा टेपर (निमुळता भाग) निळी शाई लावून बसवून बघा, ठसा सगळीकडे यायला हवा. वॉटर पंप लावल्यावर बेल्टआधी हाताने फिरवा, गॅस्केट पातळ असेल तर आतला पंखा घासतो.

इग्निशनमध्ये रिप्रो रोटर, कंडेन्सर आणि पॉइंट हे खरे त्रासाचे. रोटरमधली रिवेट शाफ्टच्या फार जवळ असली की स्पार्क प्लगपर्यंत न जाता तिथूनच शाफ्टमध्ये उतरतो, गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि थंड झाली की काही झालंच नाही असं दाखवते. चालू गाडीतला जुना रोटर आणि कंडेन्सर काढलात तर पिशवीत घालून गाडीतच ठेवा.

जोडून झाल्यावर

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळं एकदा फिरून बघायचं. ब्रेकच्या प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून ओलावा आहे का ते बघा. बॉडीचे आणि बंपरचे बोल्ट परत तपासा, रंगाचा थर दबतो आणि ते सैल होतात. रबर बसल्यावर दरवाजा सैल वाटायला लागेल, तेव्हा स्ट्रायकर थोडा आत घ्या. बोनेटच्या कोपऱ्यात रंग घासल्याची पांढरी रेघ दिसली तर लगेच त्या बाजूची बिजागरी अर्धा एमएम सरकवा, नंतर बघू म्हटलं की खालचा पत्रा दिसायला लागतो.